विद्युत् वाहिनीपंखा, प्रतिकृती जेट विमानांचा

विद्युत् वाहिनीपंखा, प्रतिकृती जेट विमानांचा : जेट विमानाच्या लहान उडत्या प्रतिकृतीत, धडातील नळीसारख्या वाहिनीत बसविलेला व विद्युत् चलित्राने (विजेच्या मोटरने) अतिवेगाने फिरविला जाणारा अनेक पात्यांचा पंखा. वाहिनीच्या पुढील तोंडातून आत येणाऱ्या हवेला हा पंखा वेग देऊन मागील प्रोथातून झोताच्या रूपाने बाहेर फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने विमान पुढे रेटले जाते. हौशी उड्डाणप्रेमींत हे साधन ‘ईडीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. यात इंधनाचे ज्वलन होत नसल्याने ते खऱ्या अर्थाने जेट एंजिन नव्हे. परंतु पंखा बाहेरून दिसत नसल्याने प्रतिकृतीचे मूळ विमानाशी असलेले साम्य त्यामुळे अबाधित राहते. [→ जेट प्रचालन].

पंखा, चलित्र, वेगनियंत्रक, विद्युत् घटमाला व वाहिनी या पाच घटकांचा मिळून एक संच होतो. बाजारात पंख्याची ख्याती बहुधा त्याच्या कमाल रेट्याच्या (पुढे ढकलणाऱ्या प्रेरणेच्या) एका आकड्यावरून ठरविली जाते. हा आकडा पंखा मोकळ्या हवेत, स्थिर ठेवून व पूर्ण भारित घटमालेवर मोजलेला असतो. विमान मात्र हवेतून पुढे जात असते, पंखा वाहिनीत कोंडलेला असतो आणि घटमालेचा विद्युत् दाब क्षणोक्षणी घटत असतो. केवळ सर्वाधिक रेट्याचा पंखा निवडल्यास विमान जड होणे, चलित्र जळणे किंवा धावपट्टीच्या टोकाशी विमान कोसळणे असे प्रसंग ओढवतात. म्हणून निवडीचा प्रारंभ पंख्यापासून न करता विमानापासून करावा लागतो.

इतिहास : पंखा नळीत बसविण्याची कल्पना मोठ्या विमानांतून आली. इटालियन अभियंते लुईजी स्टीपा यांच्या कल्पनेवरून काप्रोनी कारखान्याने बांधलेले, पिंपाच्या आकाराच्या पोकळ धडाचे विमान १९३२ मध्ये उडाले. त्याचा पंखा व एंजिन धडाच्या पोकळीतच होते. प्रतिकृती जेट विमानांत प्रथम लहान अंतर्ज्वलन एंजिनांनी फिरणारे वाहिनीपंखे वापरात आले. ही एंजिने कर्कश व तापट असत आणि अरुंद धडात ती थंड राखणे व सुरू करणे कष्टाचे होई.

विजेवरील प्रतिकृतींचा विकास मंदगतीने झाला. ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांच्या रेडिओनियंत्रित विमानाचे विद्युत् चलित्रावर उड्डाण झाले. अशा प्रकारचे हे पहिले अधिकृत नोंदीचे उड्डाण मानले जाते. तथापि निकेल-कॅडमियम घटमालांत दर किग्रॅ.मागे सु. ५० वॉट-तास इतकीच ऊर्जा साठत असल्याने जेटच्या जड व वेगवान प्रतिकृतींना ती अपुरी पडे. पुढील तीन घटनांनी हे चित्र पालटले : १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम-लोह-बोरॉन या प्रबल चुंबकांचा उदय झाला, १९९१ मध्ये लिथियम-आयन घट व्यापारी स्वरूपात बाजारात आले व त्यांच्यापासून पुढे हलके लिथियम-पॉलिमर घट तयार झाले, आणि ब्रशविरहित चलित्रे व त्यांचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक स्वस्त झाले. लिथियम-पॉलिमर घटमालेत दर किग्रॅ.मागे सु. १५० वॉट-तास ऊर्जा मिळते. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून वाहिनीपंख्याची विद्युत् विमाने सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. याच तत्त्वावरील दोन विद्युत् पंख्यांच्या ‘ई-फॅन’ या माणूस वाहून नेणाऱ्या छोट्या विमानाने १० जुलै २०१५ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली.

रचना : पंख्याचा फिरता भाग म्हणजे मधला तुंबा व त्यावरील पाती. पात्यांची संख्या सामान्यतः ५ ते १२ असते. फिरत्या भागाभोवती घट्ट बसणारे दंडगोलाकार कवच असते. पात्यांची टोके व कवच यांमधील फट शक्य तितकी कमी, बहुधा अर्ध्या मिमी.हून कमी, राखतात. कारण फटीतून हवा उलट मागे निसटली की कार्यक्षमता घटते. फिरत्या पात्यांमागे स्थिर पाती असतात. ती चलित्राला आधार देतात व हवेला आलेला पीळ काढून झोत सरळ करतात. चलित्र तुंब्याच्या मागे, झोताच्या ऐन मध्यभागी असते. झोतामुळेच ते थंड राहते. त्यामागे निमुळता शंकू बसवून हवेतील भोवरे कमी केले जातात.

पंख्याच्या कवचाच्या आतील व्यासावरून त्याचा आकार ओळखला जातो. ५० मिमी.पासून १२० मिमी.पर्यंतचे पंखे प्रचारात आहेत. त्यांत ६४, ७०, ८० व ९० मिमी. हे विशेष रूढ आहेत. हवेच्या प्रवाहासाठी खरे महत्त्व मात्र व्यासाला नसून, कवच व तुंबा यांमधील कंकणाकृती क्षेत्रफळाला असते. हे क्षेत्रफळ ७० मिमी.च्या पंख्यात सु. ३० चौ. सेंमी., तर ९० मिमी.च्या पंख्यात सु. ५० चौ. सेंमी. भरते. म्हणजे व्यास २९ टक्क्यांनी वाढला, तर मार्ग सु. दोन-तृतीयांशाने रुंदावतो.

कार्यतत्त्व : स्थिर विमानात रेटा हा दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या हवेचे वस्तुमान व तिचा वेग यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजेच रेटा = हवेची घनता × प्रोथाचे क्षेत्रफळ × झोतवेगाचा वर्ग. झोताला दर सेकंदास द्यावी लागणारी गतिज ऊर्जा, म्हणजेच किमान शक्ती, ही रेटा × झोतवेग या गुणाकाराच्या निम्मी असते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : तोच रेटा लहान छिद्रातून मिळवावयाचा झाल्यास हवा अधिक वेगाने फेकावी लागते आणि शक्ती अधिक खर्च होते.

२.५ किग्रॅ. भाराइतका (सु. २४.५ न्यूटन) रेटा निरनिराळ्या व्यासांच्या पंख्यांतून मिळविण्यासाठी काय लागते, हे पुढील कोष्टकात दाखविले आहे. त्यात हवेची घनता दर घ. मी.ला १.२ किग्रॅ., प्रोथ पंख्याच्या कंकणाकृती क्षेत्रफळाच्या ९०% आणि पंखा, चलित्र व नियंत्रक यांची मिळून कार्यक्षमता ६०% धरली आहे.

कोष्टक : समान रेट्यासाठी लागणारी शक्ती

७० मिमी. : प्रोथ २७ चौ. सेंमी.; झोतवेग ८७ मी./से.; किमान शक्ती १,०७० वॉट; घटमालेतून घ्यावी लागणारी शक्ती सु. १,७८० वॉट.

९० मिमी. : प्रोथ ४५ चौ. सेंमी.; झोतवेग ६७ मी./से.; किमान शक्ती ८३० वॉट; घटमालेतून सु. १,३८० वॉट.

१२० मिमी. : प्रोथ ८४ चौ. सेंमी.; झोतवेग ४९ मी./से.; किमान शक्ती ६०० वॉट; घटमालेतून सु. १,००० वॉट.

तुलनेसाठी, ३० सेंमी. व्यासाच्या उघड्या पंख्याला (प्रॉपेलरला) याच रेट्यासाठी तत्त्वतः सु. ३०० वॉट पुरतात. जेटसारख्या दिसण्याची किंमत ही अशी विजेच्या रूपाने मोजावी लागते.

कोष्टकावरून सर्वांत मोठा पंखाच उत्तम, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु विमान चालू लागताच चित्र बदलते. उड्डाणात उपयोगी पडतो तो झोतवेग व विमानवेग यांतील फरक. ताशी १०८ किमी. (३० मी./से.) वेगाने जाणाऱ्या विमानात, वस्तुमान-प्रवाह व झोतवेग बदलत नाहीत असे ढोबळमानाने धरल्यास, १२० मिमी.च्या पंख्याचा ३९%, ९० मिमी.च्या पंख्याचा ५५%, तर ७० मिमी.च्या पंख्याचा ६५% रेटा शिल्लक राहतो. मोठा पंखा विमानाला जागेवरून झटकन उचलतो, पण वेगात लवकर थकतो. लहान पंखा वीज अधिक खातो, पण वेगात टिकून राहतो. संथ व डौलदार उडणाऱ्या प्रतिकृतीला पहिला, तर शर्यतीच्या विमानाला दुसरा मानवतो. विमानाचा सरळ पातळीतील कमाल वेग सामान्यतः झोतवेगाच्या ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास राहतो.

निवडीचा क्रम : (१) विमान : प्रथम विमानाचे सर्व सामग्रीसह वजन, पंखांचे क्षेत्रफळ, धडातील जागा आणि उपलब्ध धावपट्टी यांची नोंद करतात. वजन व पंखांचे क्षेत्रफळ यांवरून किमान उड्डाणवेग ठरतो. त्याहून वेग घटल्यास पंखांवरील उत्थापक प्रेरणा वजन पेलू शकत नाही. स्थिर रेट्याचे विमानाच्या वजनाशी असलेले गुणोत्तर हे प्राथमिक माप म्हणून वापरतात. कठीण व सपाट धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रतिकृतीला ०.६ ते ०.७ गुणोत्तर बहुधा पुरते. गवताळ मैदानावर लहान चाके अडखळत असल्याने ०.८ किंवा अधिक लागते, तर उभ्या चढाच्या कसरतींसाठी ते १ हून अधिक असावे लागते.

(२) पंख्याचा व्यास : धडात मावणारा, वाहिनीला पुरेशी हवा पुरविता येईल असा व अपेक्षित वेगाला साजेसा झोतवेग देणारा व्यास निवडतात. दोन एंजिनांच्या विमानात दोन लहान पंखे वापरता येतात. अमेरिकन ए-१० विमानाची एंजिने धडाबाहेरील स्वतंत्र कोशांत असल्याने त्याच्या प्रतिकृतीत वाहिनी आखूड व सरळ राहते. उलट मिग-१५ विमानाचे हवेचे तोंड नाकाशी असून मार्ग वैमानिकाच्या कक्षाला वळसा घालून मागे जातो. अशा लांब वाहिनीत घर्षणाने अधिक रेटा वाया जातो.

(३) पाती व चलित्र : पाती कमी असलेला पंखा साधा व हलका असतो, परंतु त्याचा आवाज कानाला टोचतो. मिनिटास ३३,००० फेरे करणाऱ्या पाच पात्यांच्या पंख्यातून सेकंदास २,७५० स्पंदने निघतात आणि मानवी कान याच पट्ट्यात विशेष संवेदनशील असतो. बारा पात्यांच्या पंख्यात ही संख्या ६,६०० वर जाते व आवाज खऱ्या जेटच्या सूत्काराजवळ येतो. चलित्र निवडताना दर व्होल्टला त्याचे मिनिटास किती फेरे होतात, हा अंक महत्त्वाचा असतो. उदा., १,८०० अंकाचे चलित्र २१ व्होल्टवर भाराविना सु. ३७,८०० फेरे करील; पंख्याच्या भाराखाली ते सु. ३३,००० वर येईल. तोच पंखा अधिक अंकाच्या चलित्राला जोडल्यास फेरे व रेटा थोडेच वाढतात, मात्र विद्युत् प्रवाह झपाट्याने वाढतो. कारण लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १०% वाढविल्यास रेटा २१% व शक्ती ३३% वाढते. चलित्रे जळण्यामागे बहुतेक वेळा हेच गणित दुर्लक्षिलेले असते.

(४) विद्युत् घटमाला : लिथियम-पॉलिमर घटाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्ट असतो. सहा घट एकसरीत जोडल्यास २२.२ व्होल्ट मिळतात. भाराखाली ते सु. २१ व्होल्टपर्यंत उतरतात. १,३८० वॉट शक्तीसाठी सहा घटांच्या मालेतून सु. ६६ अँपिअर, तर चार घटांच्या मालेतून सु. ९९ अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दुसऱ्या मांडणीत ती सव्वादोन पट होते. म्हणून मोठ्या पंख्यांसाठी प्रवाह वाढविण्यापेक्षा घटांची संख्या वाढविणे हितावह ठरते. मात्र दाब बदलला की त्याला अनुरूप कमी अंकाचे चलित्रही घ्यावे लागते.

घटमालेची धारणक्षमता अँपिअर-तासांत मोजतात. ५ अँपिअर-तास क्षमतेच्या मालेतील ८०% विद्युत् भारच वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने योग्य असते. हे ४ अँपिअर-तास ६६ अँपिअरने साडेतीन मिनिटांहून थोड्याच अधिक वेळात संपतात. पंखा कमी-अधिक करीत सरासरी ४८ अँपिअर राखल्यास पाच मिनिटांचे उड्डाण मिळते. वेष्टनावर छापलेली प्रवाहक्षमता पुष्कळदा उदारपणे लिहिलेली असते. प्रत्यक्ष गरजेच्या किमान दुपटीची माला घेणे इष्ट असते.

(५) वेगनियंत्रक : हे साधन घटमालेच्या एकदिश प्रवाहापासून चलित्राला लागणारा त्रिकला प्रवाह तयार करते. त्याची क्षमता कमाल प्रवाहाहून २० ते ३० टक्क्यांनी अधिक असावी. ६६ अँपिअरसाठी ८० ते १०० अँपिअरचा नियंत्रक योग्य ठरेल. घटमाला व नियंत्रक यांमधील तारा आखूड ठेवतात. त्या लांबल्यास दाबात तीव्र चढउतार होऊन नियंत्रकातील धारित्रे निकामी होऊ शकतात.

वाहिनी : उत्तम पंखा वाईट वाहिनीत निष्प्रभ होतो. हवेच्या प्रवेशद्वाराची कड धारदार असल्यास विशेषतः जमिनीवर, विमान स्थिर असताना, हवा तिच्यापासून सुटते व पंख्याला खंडित प्रवाह मिळतो. म्हणून कड जाड व गोलाई दिलेली असावी लागते. प्रवेशद्वाराचे क्षेत्रफळ पंख्याच्या कंकणाकृती क्षेत्रफळाइतके किंवा थोडे अधिक ठेवतात. मूळ विमानाचे प्रमाण सांभाळून एवढे मोठे द्वार देता येत नसल्यास धडाच्या खालच्या बाजूस, सहज न दिसणारी अतिरिक्त छिद्रे पाडतात. पंख्यामागील नळी हळूहळू निमुळती करीत प्रोथ कंकणाकृती क्षेत्रफळाच्या ८५ ते १०० टक्के इतका ठेवतात. लहान प्रोथाने झोतवेग वाढतो, मोठ्या प्रोथाने स्थिर रेटा वाढतो. मात्र तो अती आवळल्यास पंख्यावर उलट दाब येऊन पात्यांवरील प्रवाह विस्कटतो. सुरेख बांधणीच्या वाहिनीतही मोकळ्या हवेतील रेट्याच्या १० ते १५ टक्के घट गृहीत धरावी लागते.

उदाहरण : मिग-२१ या लढाऊ विमानाची प्रतिकृती हे या निवडीचे बोलके उदाहरण आहे. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त केलेले हे विमान अनेक वर्षे नासिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सु. ७.१५ मी. व क्षेत्रफळ २३ चौ. मी. आहे. १ : ८ प्रमाणाच्या प्रतिकृतीत विस्तार सु. ०.९ मी. व क्षेत्रफळ (प्रमाणाच्या वर्गाने घटून) सु. ०.३६ चौ. मी. होते. पंख त्रिकोणी व लहान, तर हवेचे तोंड नाकाशी व मध्ये शंकू असलेले. अशी ही दुहेरी अडचण आहे.

सांगाडा १.३ किग्रॅ., घटमाला ०.७५ किग्रॅ., पंखा व चलित्र ०.४५ किग्रॅ., नियंत्रक, चाके व इतर सामग्री ०.५ किग्रॅ. असे मिळून वजन सु. ३ किग्रॅ. होते. उत्थापन गुणांक ०.९ धरल्यास किमान उड्डाणवेग सु. १२.३ मी./से. (ताशी ४४ किमी.) येतो. ९० मिमी.चा, २.५ किग्रॅ. रेट्याचा पंखा वाहिनीतील घट वजा जाता सु. २.२ किग्रॅ. रेटा देईल. वजनाशी त्याचे गुणोत्तर ०.७३ होते, कठीण धावपट्टीला ते पुरेसे, पण गवताळ मैदानाला तोकडे आहे. ६७ मी./से. झोतवेगामुळे कमाल वेग ताशी १५० किमी.च्या आसपास राहील.

येथे अधिक शक्तीचा मोह होतो. मोठे चलित्र व अधिक घट बसवून वजन ३.६ किग्रॅ. झाल्यास किमान उड्डाणवेग १३.५ मी./से. होतो. उतरण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढत असल्याने जमिनीला टेकताना शोषावी लागणारी गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. तिचा आघात चाके व सांगाडा यांना सोसावा लागतो. ते भक्कम करावेत तर वजन पुन्हा वाढते. या चक्रात सापडण्यापेक्षा सांगाड्यातील शंभर-दीडशे ग्रॅम वाचविणे व अतिरिक्त छिद्रांनी वाहिनीला मोकळी हवा देणे अधिक फलदायी ठरते.

स्थानिक हवामानाचाही विचार करावा लागतो. नासिक, पुणे यांसारख्या समुद्रसपाटीपासून सु. ५५० ते ६०० मी. उंचीवरील ठिकाणी ३५° से. तापमानास हवेची घनता दर घ. मी.ला सु. १.०७ किग्रॅ. असते. वर गृहीत धरलेल्या १.२ या मूल्याच्या तुलनेत त्याच फेऱ्यांना रेटा सु. ११ टक्क्यांनी घटतो व किमान उड्डाणवेग सु. ६ टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यातील सकाळी सहज उडणारे विमान उन्हाळ्यातील दुपारी धावपट्टी संपली तरी उठत नाही, याचे कारण हेच होय.

चाचणी : पहिल्या उड्डाणापूर्वी संच विमानात प्रत्यक्ष बसवूनच तपासतात. विमान दोरीने ताणकाट्याला जखडून रेटा आणि शक्तिमापकाने प्रवाह व दाब मोजतात. पूर्ण शक्तीची चाचणी काही सेकंदांपुरतीच करतात. प्रवाह अपेक्षेहून बराच अधिक असल्यास चलित्र व पंखा यांची जोडी चुकली असण्याचा, तर प्रवाह योग्य असूनही रेटा कमी असल्यास वाहिनीत दोष असण्याचा संभव असतो. फिरत्या भागाचा समतोल अत्यंत काटेकोर असावा लागतो. मिनिटास ३३,००० फेऱ्यांवर, आसापासून २० मिमी. अंतरावरील अवघा ०.१ ग्रॅम असमतोल सु. २.४ किग्रॅ. भाराइतकी अपकेंद्री प्रेरणा निर्माण करतो; म्हणजे पंख्याच्या संपूर्ण रेट्याएवढा धक्का धारव्यांना प्रत्येक फेऱ्यागणिक बसतो.

उड्डाणातील वर्तन : नाकाशी उघडा पंखा असलेल्या विमानात त्याचा वारा शेपटीवरून वाहत असल्याने कमी वेगातही सुकाणू काम देते. वाहिनीपंख्याचा झोत शेपटीच्या मागे किंवा धडाच्या टोकाशी बाहेर पडतो. नियंत्रण-पृष्ठांना केवळ विमानाच्या स्वतःच्या वेगाचाच आधार असतो. शिवाय पंख्याला मंद फेऱ्यांपासून पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचण्यास थोडा अवधी लागतो आणि तोपर्यंत विमान बरेच खाली आलेले असते. म्हणून उतरताना पंखा पूर्ण बंद न करता काही शक्ती राखून ठेवतात व उतरण्याचा प्रयत्न फसल्यास पुन्हा वर जाण्याइतका विद्युत् भार घटमालेत शिल्लक ठेवतात. उड्डाणाची वेळ गजराच्या घड्याळाने मोजण्याचा प्रघात याचसाठी आहे.

सुरक्षितता : लिथियम-पॉलिमर घट फुगलेले, टोचलेले किंवा अतिभारित झाल्यास पेट घेतात व ही आग विझविणे अवघड असते. भारण कायम देखरेखीखाली, ज्वलनशील वस्तूंपासून दूर व घटांचा समतोल राखणाऱ्या भारकाने करतात. दीर्घ काळ ठेवावयाच्या माला पूर्ण भारित न ठेवता दर घटास सु. ३.८ व्होल्टवर ठेवतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारगाडीत त्या ठेवणे धोक्याचे असते. पंखा कवचात असल्याने बोट कापण्याची भीती उघड्या पंख्याहून कमी असते. परंतु प्रवेशद्वारातून खडा, गवताची काडी किंवा सैल तार ओढली गेल्यास पाती फुटून तुकडे वेगाने बाहेर फेकले जातात. चाचणीच्या वेळी पंख्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही उभे राहू नये, असा दंडक आहे.

अशा विमानाचे वजन व वेग पाहता ते खेळणे मानता येत नाही. ताशी १५० किमी. वेगाने जाणाऱ्या ३ किग्रॅ.च्या प्रतिकृतीत सु. २,६०० जूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा ३ किग्रॅ.चा दगड सु. ८८ मी. उंचीवरून पडताना मिळविणाऱ्या ऊर्जेइतकी आहे. भारतात २०२१ मध्ये केलेल्या ड्रोन नियमांनी मानवरहित विमानांसाठी हवाई क्षेत्राची हिरवे, पिवळे व लाल अशी विभागणी केली असून पिवळ्या व लाल क्षेत्रांत परवानगीवाचून उड्डाण निषिद्ध ठरविले आहे. वस्ती, रस्ते व विमानतळ यांपासून दूर, मोकळ्या मैदानावर, विमान सतत दृष्टीच्या टप्प्यात ठेवून व अनुभवी उड्डाणकर्त्याच्या सोबतीने त्याचे उड्डाण करणे इष्ट असते.

मर्यादा : वाहिनीपंख्याचे उड्डाण थोड्या मिनिटांचे असते, त्याला वीज पुष्कळ लागते आणि वाहिनी व प्रोथ यांची बांधणी वेळखाऊ असते. मोठ्या प्रतिकृतींत केरोसिनवर चालणारी छोटी गॅस टरबाइने अधिक झोतवेग व खराखुरा जेटचा आवाज देतात. पण ती महाग व तप्त असतात आणि त्यांना प्रशिक्षित हातांची गरज असते. लहान व मध्यम आकाराच्या प्रतिकृतींत विद्युत् पंख्याची सुलभता व स्वच्छता निर्विवाद आहे. हलका सांगाडा, मोकळी वाहिनी, मध्यम झोतवेग आणि क्षमतेच्या आत राखलेला विद्युत् प्रवाह यांचा मेळ बसला, तर तुलनेने कमी शक्तीचा संचही समाधानकारक उड्डाण देतो.